वरच्या खोलीतला भाडेकरू

घरपट्टीची नवी आकारणी आली, तिच्यात आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू धरला होता. मी हरकत घेतली. सुनावणीला साहेब हसून म्हणाले, "काका, आमचा माणूस बघून गेलाय. अंथरूण घातलेलं, दाढीचं सामान मांडलेलं, खुंटीला इस्त्रीचा शर्ट. भाडेकरू नाही, तर काय भूत राहतं तिथे?"

"मुलगा राहायचा. गेल्या वर्षी वारला. हिनं अजून काही हलवू दिलेलं नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "चुकलो काका. पण खोली रिकामी दिसल्याशिवाय मला पट्टी कमी करता येत नाही. तेवढं सामान आवरून ठेवा, परवा माणूस पाठवतो."

घरी आलो तर ही वरच होती, त्याच्या उशीचा अभ्रा बदलत.

"झालं का हो काम?"

मी दारातच थांबलो. "नाही ऐकत ते. वर कोणीतरी राहतंच, म्हणतात."

तिनं उशी थोपटून जागेवर ठेवली. "मग? मी तरी वेगळं काय सांगत होते तुम्हाला?"

सकाळी जाऊन मी हरकत मागे घेतली.