फिरकीच्या तांब्याचं झाकण

“सांगतो ते तुमाला पटायचं न्हाय, जावईबापू,” मी नेहमीसारखी सुरुवात केली. “दुष्काळाच्या साली मी गिरणीवाल्या शेठची अँबॅसॅडर चालवायचो. एकदा पेट्रोल भरताना टाकीचं झाकण सात रस्त्याच्या पंपावरच राहिलं. माघारी गेलो तर गायब. सकाळी शेठला अक्कलकोटला न्यायचं हुतं. टाकी उघडी दिसली असती तर नोकरी गेलीच म्हणायची. गाडी घरापुढं लावली, आत येऊन नजर फिरवली, तर फडताळात हिचा फिरकीचा तांब्या. हिच्या आईनं मरताना हातात दिलेला, पितळी. त्याचं झाकण टाकीवर ठेवलं, दोन फिरक्या दिल्या, तर असं बसलं की कारखान्यातनंच आल्यासारखं. गाडीला ते इतकं मानवलं, की अक्कलकोटला जाऊन आलो तरी पेट्रोल कमी न होता बोटभर वाढलं.” जावई खो खो हसला, तसा मला चेव आला. “आणि हिचं मन बघा. तांब्या आपणहून माझ्या हातात दिला. हसत म्हणाली, घ्या की, तुमच्या नोकरीपेक्षा मोठं काय हाय?” तेवढ्यात माझी बायको अंबुबाई चहा घेऊन बाहेर आली. तिनं कपबशी डाव्या हातानं जावयापुढं ठेवली. “पेट्रोल वाढलं ते खरं धरा हवं तर,” ती म्हणाली. “पण तांब्या मी दिला न्हाय. मी सोडत न्हवते, म्हणून ह्यांनी माझी बोटं दाराच्या फटीत चेचली.”