समोर बसणारा

रोइंग क्लबची होडी धक्क्याला लागून हलत होती. चौघेही वल्ही सरसावून बसले होते, आणि सुकाणूपाशी बसता बसता बायकोने पिशवीतून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. साधासुधा नव्हे, बाजूंनीही डोळे झाकणारा, मागे पट्टा असलेला. पट्टा तिने डोक्यामागे घट्ट ओढला.

"वहिनी, एकदम हिरॉइन!" नवऱ्याच्या पाठीमागून बांबू ओरडला. उंचीमुळे त्याला हे नाव पडलं होतं आणि खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं.

ती हसली नाही. नवरा पहिल्या वल्ह्यावर, म्हणजे तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ.

"हा कुठून आणलास?"

"डॉक्टरांनी सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"डोळ्यांच्या," ती म्हणाली आणि लगेच आवाज चढवून ओरडली, "सोडा!"

होडी सुटली. वल्हवणाऱ्यांची पाठ असते पुढच्या पाण्याकडे. पुढे काय वाढून ठेवलंय ते एकटी सुकाणूवाली बघते, आणि तिचं तोंड दिसतं फक्त पहिल्याला. बाकीचे आपले त्याच्या पाठीकडे बघून हात चालवतात. नवऱ्याची या कामात चांगली ख्याती होती. बायकोच्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याचे हात हलायचे. तिची नजर बारीक झाली की लाट आली समजायची, डावीकडे वळली की तिकडून मोटरबोट. सगळ्यांना वाटायचं, काय सूर जुळलेत दोघांचे!

घरात मात्र बोलणं म्हणजे गॅस संपलाय, कडी नीट लागत नाही, वीजवाला येऊन गेला. भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडायलासुद्धा समोरासमोर उभं राहावं लागतं. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं ते सकाळी इथे, पाण्यावर, कारण बघितल्याशिवाय होडी चालत नाही. आपला संसार ठीक चाललाय असं त्याला वाटायचं ते या तासाभराच्या जोरावर.

आज समोर दोन काळ्या काचा होत्या. त्यांत दोन बारके बाप्ये वाकत होते, उठत होते. त्याने मान तिरकी करून पाहिली. बाप्यांनीही केली.

"उजवे थांबा!" ती ओरडली. तो उशिरा थांबला. मागे बसलेल्या बांबूच्या वल्ह्याचा दांडा त्याच्या पाठीत बसला आणि होडी कलंडता कलंडता राहिली.

"काय राव, झोप झाली नाही का?" बांबूने विचारलं.

पाठीत कळ यायला हवी होती. आली नाही.

"काढ ना तो," तो हळूच म्हणाला. "मला काही कळत नाहीये."

"डोळ्याच्या पांढऱ्यावर मांस वाढलंय. बुबुळावर चढायला लागलंय." घरातला गॅस संपल्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "पाण्यावरच्या उन्हाने होतं म्हणे. असंच चाललं तर दिसायचं कमी होईल."

"टोपी होती की तुला."

"टोपी वरचं ऊन अडवते. पाण्यावरून उसळून येतं ते कोण अडवणार?"

मागे वल्ही पाणी कापत होती. त्याचे हात चालू होते, सवयीने.

"कधीपासून आहे हे?"

"डॉक्टर म्हणाले, काही वर्षं तरी असणार. आरशात बघितलं की लाल दिसायचं." तिने सुकाणू किंचित वळवलं. "तुम्ही रोज समोर बसता. तुम्हाला दिसलं नाही?"

तिने ते टोचून विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. त्याने आठवून पाहिलं. लाटा आठवल्या, मोटरबोटी आठवल्या, कुठे थांबायचं, कुठे जोर लावायचा, सगळं आठवलं. तिचे डोळे काही आठवेनात.

"जोर लावा!" ती ओरडली, आणि त्याने जोर लावला.

परत आल्यावर बाकीचे होडी उचलून आत घेऊन गेले. शेडच्या सावलीत बाकावर बसून तिने चष्मा काढला, पिशवीतून छोटी बाटली काढली आणि मान मागे टाकली. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानाकडे ओघळला.

"आण इकडे," तो म्हणाला. तिने बाटली दिली.

वल्हवून त्याची बोटं बधिर झाली होती. तिची पापणी वर उचलली, तरी हाताला काही लागल्यासारखं वाटेना. तो खाली वाकला. कोपऱ्यातून गुलाबी मांसाचा तुकडा आत सरकला होता, त्यावर केसाएवढ्या लाल रेषा, आणि टोक थेट बुबुळाला भिडलेलं. हातभर अंतरावरून कुणालाही दिसेल असं. त्याला फार वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती भीती, आणि तीही लांबून, दुसऱ्या कुणाची तरी असावी तशी.

ती छताच्या पत्र्याकडे बघत होती. तो बाटली धरून तसाच वाकून राहिला.

"इकडे बघ ना," तो म्हणाला. "माझ्याकडे."

"थेंब घालताना वर बघायचं असतं," ती म्हणाली.