कानामागचे पतंग

"काका, दहा मिनिटं हात आवरा. फक्त दहा मिनिटं," पतंगवाली तिसऱ्यांदा म्हणाली.

हत्तीवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ओलं फडकं त्यानं म्हाताऱ्या हत्तिणीच्या कानामागे झटकलं. तिथं बसू पाहणारे दोन पतंग उठून भिंतीवर गेले. सुकलेल्या पानाच्या रंगाचे, अंगठ्याच्या पेराएवढे.

पतंगवाली मुलगी कठड्याबाहेर कॅमेरा लावून उभी होती. प्राणिसंग्रहालय बंद झालं की ती यायची, आज तिचा तिसरा आणि शेवटचा दिवस. पहिल्या दिवशी फाटकावर तिनं "पतंगांवर काम करते" म्हणून सांगितलं, तेव्हा शिपायानं विचारलं होतं, "मग मांजा कुठाय?" तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी ती पतंगवालीच झाली.

तिचे पतंग एरवी फळांना सोंड टोचून रस पिणारे. पण त्यातले काही नर जनावराच्या कातडीला टोचतात आणि रक्त पितात. ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. गेंड्याकडे जमलं नाही, गव्यांकडेही नाही. पतंग टेकायचा अवकाश, की कातडी थरथरायची नाहीतर शेपटी सपकन यायची.

"तुमची हत्तीण मात्र गुणाची आहे हो," ती म्हणाली. "कशी शांत उभी आहे. ती हलतच नाही. हलताय ते तुम्हीच."

 हत्तीवाल्याचं फडकं चालूच राहिलं.

दर आठवड्याला सकाळी डॉक्टर फेरीला यायचे आणि लांबूनच विचारायचे, "काय, कान हलवते ना?" तो म्हणायचा, "हलवते की! परवा माझ्याच तोंडावर मारला." डॉक्टर हसायचे. अंगावरची माशी तिची तिला उडवता येतेय तोवर थांबू, असं दोघांचं ठरलं होतं. त्यापुढे शेवटचं इंजेक्शन. डॉक्टर वाईट नव्हते. म्हातारीचे गुडघे गेले होते, दात झिजून संपले होते, आणि गेले दोन महिने तिचा कान हलला नव्हता. म्हणून दोन महिने तो तिच्या कानाशी उभा होता. दिवसा माश्या, दिवे लागले की पतंग. उजव्या खांद्याची वाट लागली होती. सकाळी शर्टाची बाही बायको चढवून द्यायची आणि विचारायची, "एवढं काय उपसता हो तिथं?"

"साहेबांच्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे," पतंगवाली म्हणाली. मग तिचा तिलाच सूर आवडला नसावा. "तीन वर्षं शोधतेय, काका."

त्यानं पुन्हा हात उचलला. खांद्यातून कळ निघाली आणि हात अर्ध्यातूनच खाली आला. पतंगवालीला वाटलं, त्यानं ऐकलं. तिनं कॅमेरा सुरू केला.

आधी एक पतंग आला. मग दोन. बघता बघता सात झाले. पहिल्यानं सोंड टेकवली आणि सुताराचं गिरमिट फिरावं तसं डोकं डावी-उजवीकडे हलवत ती आत घातली. बाजूनं रक्ताचा एक बारीक थेंब वर आला.

"गेली आत," मुलगी श्वास रोखून म्हणाली. "बघा, बघा!"

हत्तीवाला कानाकडे बघत होता. "हलव गं," तो पुटपुटला. "एकदा हलव."

म्हातारीचा डोळा उघडा होता. कान नुसता लोंबत होता.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मुलीनं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. ती आता पतंगांकडे बघत नव्हती.

"काका, कधीपासून असं आहे?"

"दोन महिने."

"डॉक्टरांना?"

त्यानं मान हलवली. नाही.

 कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. मग ती म्हणाली, "पुसून टाकते मी हे. कुणाला दाखवणार नाही."

"किती पितात हो हे?" त्यानं विचारलं.

"थेंबभरसुद्धा नाही. तिला काही कमी पडणार नाही."

"तसं नव्हे. किती वेळ?"

"पोट भरेपर्यंत. कुणी उडवलं नाही तर अर्धा तास, पाऊण तास."

त्यानं सातही पतंग नीट बघून घेतले. उडवायला हात उचलला नाही.

"पुसू नका," तो म्हणाला. "उद्या दहाला डॉक्टर यायचेत. त्यांना दाखवा. माझ्या तोंडून काही ते निघायचं नाही, ताई."

"माझ्याकडून कशाला?" तिचा आवाज चिरकला. "मी फक्त पतंग बघायला आले होते."

"मग तेच दाखवा. पतंगच दाखवा. डॉक्टर शहाणे आहेत, बाकीचं त्यांना दिसेल."

कोपऱ्यातली रिकामी बादली त्यानं पायानं ओढून पालथी घातली आणि तिच्यावर, म्हातारीच्या पुढच्या पायाशी, बसला. दोन महिन्यांत इथं तो पहिल्यांदाच बसत होता. पाठ तिच्या पायाला टेकली. "पाच मिनिटं हं," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते मुलीला कळलं नाही. मिनिटभरात त्याची मान कलली आणि तोंड उघडं पडलं.

पोट भरलेले पतंग एकेक करून आपणहून उठले. मुलीनं सामान आवरलं, पण निघाली नाही. त्याला हाकही मारली नाही.

तासाभरानं त्याला जाग आली. तोवर म्हातारीनं त्याची पाठ टेकलेला तो पाय जराही हलवला नव्हता.