शेवटच्या कडव्यापर्यंत

“बाबा, तू आईला मारतोस का?”

विचारलं आणि तिने घास तोंडात टाकला. ती विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्यातली चिमणी तर म्हणाली होती, “ही? वर्गात पंखा लावू का विचारायला हिची बोबडी वळते.” पण ते मागच्या वर्षी. या वर्षी तिचं तोंड उघडलं होतं, आणि उघडलं ते उघडलंच.

बाबाने चमचा खाली ठेवून आईकडे पाहिलं. आईची डावी भुवई कालपासून टरारून सुजली होती.

“पलंगाचा कोपरा लागला,” आई म्हणाली. “जेव गुमान.”

“मागच्या रविवारी कपाटाचं दार होतं. त्याआधी खुर्ची. घरातलं सगळं फर्निचर तुझ्यावरच टपलंय का?”

बाबाला ठसका लागला. आईने त्याच्या पाठीत थाप मारली तसा तो ताटावर पालथा होता होता राहिला.

बाबा मोठ्या हॉटेलात वेटर होता. पांढरे हातमोजे, कमरेत वाक, तोंडात साखर. आई तिथेच लॉन्ड्रीत. दिवसभर ओल्या चादरी उपसायच्या आणि इस्त्री फिरवायची. शेजारपाजारचे घट्ट बसलेली झाकणं घेऊन आईकडेच यायचे. बाबाचे हात मात्र लोण्यासारखे. “हातमोजे घालून मारत असेल,” चिमणी म्हणाली होती. “वळ उमटत नाहीत.”

बाबाचं खरं प्रेम होतं कळकट गुत्त्यांवर. तिथल्या ज्यूकबॉक्सवर, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीवर, तर जीवच. हॉटेलात जे वाजतं ते संगीत नव्हे, कानात घातलेला कापूस, असं तो म्हणायचा. “ज्या बारमध्ये खुर्चीचे चारही पाय सारखे, तिथली गाणी भिकार. आणि गाणं लांब हवं. शेवटच्या कडव्यापर्यंत ज्याचा दम टिकतो, गाणं त्याचं.”

रविवारी दुपारी आई कानातलं काढून डबीत ठेवायची आणि मावशीकडे शिवणकामाला जायची. मग बाबा हॉटेलातून टाकून दिलेल्या उशांच्या अभ्र्यांच्या पट्ट्या फाडायचा, पिशवीत भरायचा आणि निघायचा. फडकी म्हणे. घरात त्या फडक्यांनी कुणी कधी धूळ पुसली नव्हती. संध्याकाळी दोघं परतायची, तेव्हा आईचा चेहरा कुठे ना कुठे फुटलेला असायचा.

वाटेतच गाठत असणार. पिऊन.

तिने पलंगाखाली एक बॅग भरून ठेवली. दोन ड्रेस तिचे, दोन आईचे. आरशासमोर वाक्य घोटलं: ‘मी आणि आई घर सोडतोय.’ येत्या रविवारी रंगेहाथ पकडायचं आणि तोंडावर सांगायचं. रविवार आला तशी तिने दप्तरात हातोडी टाकली आणि ती बाबाच्या मागोमाग गेली.

गोदामांच्या मागे एक बुटकं दार होतं. आत ओल, सिगारेटचा धूर, सांडलेल्या बिअरने चिकट झालेली फरशी. दाराशी बसलेल्या मालकीणबाईंनी तिला अडवलं.

“शाळेची पोर इथे कशाला?”

“बाबांना न्यायला आलेय.”

“इथे प्रत्येकाला कुणी ना कुणी न्यायला येतंच. बस त्या क्रेटवर. पण गाणं संपेपर्यंत हलायचं नाही.”

“का?”

“आमच्याकडे मारामारी गाण्यावर होते. मागच्या अंगणात दोघं उतरतात. गाणं संपेपर्यंत जो उभा, तो जिंकला. आज त्या रेड्याची पाळी. गोदामात पोती उचलतो.” बाईंनी हनुवटीने ज्यूकबॉक्सकडे दाखवलं. “आणि तो पांढऱ्या शर्टातला बघ. सगळं तोच लढवतो.”

तो तिचा बाबा होता. ज्यूकबॉक्सच्या काचेवरून आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा हात फिरवत होता. त्याने नाणं टाकलं, बटण दाबलं. ढोल घुमला. अंगणाच्या तोंडाशी लावलेल्या ताडपत्रीच्या पडद्यामागून आरडाओरडा उठला.

“आज इस्त्री रेड्यावर फिरणार!” कुणीतरी ओरडलं.

पडद्याखालून तिला रेड्याचे जाडजूड बूट दिसत होते. बाकी सगळी गर्दीची पायताणं. पहिला ठोसा ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा वाजला. दुसरा. कुणीतरी कळवळलं. सिमेंटवर रक्ताचे थेंब पडले, त्यावरून बूट घसरले. एक दात घरंगळत पडद्याच्या अलीकडे आला.

बाबा डोळे मिटून गुणगुणत होता.

“दुसरं कडवं,” तो पडद्याकडे तोंड करून म्हणाला. “घाई नको. दमू दे त्याला.”

हाच आवाज, हाच गोडवा. टेबलावर सूप ठेवताना असंच बोलत असेल. हाडं मोडताना जो गाणं गुणगुणतो, त्याला बायकोची भुवई काय जड. तिने हातोडी बाहेर काढली आणि त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

शेवटचं कडवं सुरू झालं.

“आता,” बाबा हळूच म्हणाला.

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. पडदा फाडत रेडा आत कोसळला, नाक पार गालावर गेलेलं. गाणं संपलं.

“बाबा.”

तो वळला. हातोडी पाहून त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

“बास झालं आता,” ती म्हणाली. “मी आणि आई...”

फाटक्या पडद्यातून आई आत आली. दोन्ही मुठींना अभ्र्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, भुवईतून रक्त गळत होतं. बादलीत थुंकून तिने मान वर केली आणि लेकीला पाहिलं.

“जेवलीस का?” तिने विचारलं.

लेकीने हातोडी दप्तरात ठेवली.

“मी ठरवलंय,” ती दोघांना म्हणाली. “पुढच्या रविवारी गाणं मी लावणार.”