खर्डा

सुनेनं मुद्दाम दानम्माच्या ताटात भाकरीसोबत झणझणीत खर्डा वाढला. खर्ड्याबिगर जिला घास उतरत नसे, तिनं तो बाजूला सारला. संधिवातानं आखडलेली बोटं नव्या गोळीनं मोकळी झाली, ती पुन्हा म्हैस पिळू लागली. पण त्याच गोळीनं तोंड आतून सोलून निघालंय, हे सांगितलं तर डॉक्टर गोळीच बंद करणार! “आत्ती, तोंड उघडा बघू.” सुनेनं मोबाईलची बॅटरी मारली. “फोड आल्यात की! तोंड आलं की लगेच रक्त तपासाय या, म्हणालते न्हवं डॉक्टर? उठा.” “गोळी थांबली तर म्हस कोण पिळणार? दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देती व्हय ती?” “देती की. तुम्ही दुपारी पडला की मी रोज तिच्यापाशी बसतो. आज माझ्याबी हाताला पान्हावली.” खर्डा न खाताच दानम्माच्या डोळ्यांत पाणी आलं.