शेजारची सीट

विमानासमोर नारळ फुटला. कंपनीच्या मालकांनी वकीलबाईंच्या हातावर पेढा ठेवला. "तुम्ही उड्डाणबंदीची केस जिंकलीत, म्हणून हे पुन्हा उडतंय."

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या शेजारी इंजिनिअरने स्वतः बसायचं, ही तिथली रीत. विमान सुरक्षित असल्याचा पुरावा म्हणून कोर्टात बाईंनी तीच ठासून सांगितली होती. पण इंजिनिअर बेलसरे शिडीपाशीच घुटमळत होते.

"पोट बिघडलंय, मॅडम."

पेढे मात्र त्यांनी दोन खाल्ले होते.

बाई मालकांकडे वळल्या. "मग शेठ, तुम्ही चला."

"मला मीटिंग आहे हो! तुम्हीच बसा की. विमान ठणठणीत आहे, असं कोर्टात तुम्हीच सांगितलंत ना?"

कॉकपिटच्या उघड्या खिडकीतून सगळं ऐकणाऱ्या वैमानिकाने हेडफोन उतरवला. "मॅडम, तुम्ही बसलात, तरच मी उडवतो."