पेटीतली काशी

निजामाचं राज्य गेलं, झेंडा बदलला, पण झरी गावच्या गोजरबाईला काही काशी दिसेना. "पुढल्या सुगीला जाऊ," असं म्हणत नवरा वैजीनाथ दरसाल टाळायचा.

एकदा बाजारात चित्रांची पेटी घेऊन एक खेळवाला आला. "लंडन देखो, पॅरिस देखो, आगरे का ताज देखो, काशी का घाट देखो!" वैजीनाथच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं बायकोला पेटीपुढं बसवलं.

गोजरबाईनं भोकाला डोळा लावून लंडन पाहिलं, पॅरिस पाहिलं, ताजमहालही पाहिला. काशीचा घाट आला तशी तिनं वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि पेटीलाच हात जोडले.

"झाली न्हवं काशी? आता पुन्यांदा नाव काढायचं न्हाई!" वैजीनाथ मिशीत हसत म्हणाला. अख्खा बाजार हसला. गोजरबाईनं मान डोलावली.

दिवेलागणीला वैजीनाथ हातपाय धुऊन पाटावर बसला. बघतो तर चूल थंडगार, आणि गोजरबाई उंबऱ्यात निवांत सुपारी कातरत बसलेली.

"अगं, भाकरी कुठंय?"

"अवो, काशी करून आलेल्या माणसाला आपल्या आवडीचं कायतरी जन्मभरासाठी सोडावं लागतंय. ठाव हाय न्हवं तुमाला?"

"हाय की. मग तू काय सोडलंस?"

 

"मला सैपाकाची लय आवड होती बगा."